भाताची नवी लावणी : एका सहकार्याची हकीकत

आपल्या घरांत अन्न म्हटलें कीं डोळ्यांपुढें प्रथम येतो तो भात. बाळाच्या उष्टावणापासून श्राद्धांतील पिंडापर्यंत आणि लग्नांतील अक्षतांपासून रोजच्या वरणभातापर्यंत तांदुळावांचून आपलें कोणतेंहि कार्य पार पडत नाहीं. आंबेमोहोर चांगला कीं कोलम चांगला, नवा तांदूळ घ्यावा कीं जुना, याविषयीं पंक्तीला बसल्या बसल्या आपण हवी तितकी चर्चा करूं. पण तें भात खाचरांत कसें लावतात, एका चुडांत किती रोपें असतात, रोप उपटून लावावयाचें तें किती दिवसांचें असावें, असें कोणीं विचारलें तर आपल्यांपैकीं बहुतेकांना गप्प बसावें लागेल. तें शेतकऱ्यानें जाणावें, अशी आपली समजूत. शेतकऱ्याला विचारावें तर तोहि म्हणणार, "वाडवडील करीत आले, तसें आम्ही करतों."

हाच साधा प्रश्न एका दूरच्या बेटावर सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं नव्यानें विचारला गेला. त्याचें उत्तर शोधतां शोधतां गरीब शेतकरी, विद्यापीठांतील पंडित आणि नफ्याची अपेक्षा न ठेवणाऱ्या सेवासंस्था, असे तिघेहि एकत्र आले. त्यांना यश आलें, तसे मोठे वादहि झाले. कित्येकांनीं नवी पद्धत उचलली, कित्येकांनीं ती टाकूनहि दिली. ती सर्व हकीकत, तिच्या उजेडासह व अंधारासह, वाचकांपुढें ठेवावी असा आमचा हेतु आहे. शेतीचें ज्ञान कोठें उपजतें, हा प्रश्न या हकीकतीच्या मुळाशीं आहे. आणि ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या विद्येचा व्यवसाय चालत आला, त्या घरांनीं तर तो अवश्य मनावर घ्यावा.

मादागास्करचे फादर

आफ्रिकेच्या पूर्वेस हिंदी महासागरांत मादागास्कर नांवाचें मोठें बेट आहे. तेथील लोक आफ्रिकेच्या शेजारीं राहत असूनहि त्यांची भाषा बोर्निओ बेटांतील भाषांशीं नातें सांगते. कारण त्यांचे पूर्वज हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं आग्नेय आशियांतून समुद्र ओलांडून आले. येतांना त्यांनीं भाताची लागवडहि आणली. आजहि तेथें सकाळ, दुपार, संध्याकाळ भात खाण्याची रीत आहे. खाचरांत गुरें फिरवून चिखल तुडवावयाचा, महिनाभर वाढलेलीं रोपें जुडग्याजुडग्यानें दाट लावावयाचीं आणि मग खाचर पाण्यानें भरून ठेवावयाचें, अशी तेथील जुनी वहिवाट. वाडवडिलांची रीत मोडणें म्हणजे पितरांचा अपमान करणें, अशी तेथें दृढ श्रद्धा आहे. डोंगराळ भागांत जंगल तोडून जाळतात व त्या राखेंत भात पेरतात. आपल्याकडील कुमरीचाच तो प्रकार, तेथें त्याला 'तावी' म्हणतात. इतकें करून उत्पन्न येई तें हेक्टरीं म्हणजे अडीच एकरांस सुमारें दोन टन. त्यावर वर्ष निघत नसे.

इ. स. १९६१ सालीं या बेटावर आंरी द लोलानिये नांवाचे एक फ्रेंच ख्रिस्ती धर्मोपदेशक आले. त्यांचा जन्म १९२० चा. धर्मदीक्षा घेण्यापूर्वीं त्यांनीं शेतकीचें शिक्षण घेतलेलें होतें. उपाशी माणसाला उपदेश करण्याआधीं त्याच्या पोटाची सोय पाहिली पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें. पण शेतकरी गरीब. विकतचें बियाणें व विकतचें खत घ्या असें सांगून उपयोग नव्हता. म्हणून जवळ आहे त्याच जमिनींत, त्याच बियाण्यानें आणि त्याच पाण्यानें अधिक पिकवितां येईल काय, एवढाच प्रश्न त्यांनीं हातीं धरला.

त्यांनीं जें केलें त्यांत प्रथम आम्हांस नांवाजावेंसें वाटतें तें त्यांचें पाहणें. वीस वर्षें ते खाचरांच्या बांधांवरून हिंडले. एका भागांत कांहीं शेतकरी जुडगा न लावतां एकेक रोप लावतात, हें त्यांच्या दृष्टीस पडलें. दुसरीकडे कांहीं जण खाचर सदा भरून न ठेवतां मधून मधून कोरडें पडूं देतात, असें दिसलें. या गोष्टी कोणत्याहि ग्रंथांतील नव्हत, त्या शेतकऱ्यांच्याच होत्या. मात्र एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. फादरांनीं त्या वेंचल्या व एकत्र केल्या. तण काढण्यासाठीं हातानें ढकलावयाचें दांतेरी चाकांचें कोळपें त्यांनीं घेतलें. तें उभें आडवें दोन्हीकडून फिरावें म्हणून रोपें दोरी धरून चौकोनांत लावूं लागले.

१९८१ सालीं अंत्सिराबे या गांवीं त्यांनीं शेतकरी तरुणांसाठीं एक शाळा काढली. १९८३-८४ च्या हंगामांत अवर्षणानें वेळापत्रक विसकटलें, आणि रोपें अवघीं पंधरा दिवसांचीं असतांनाच लावण्यावांचून गत्यंतर राहिलें नाहीं. इतकीं कोवळीं रोपें जगतील अशी कोणाचीहि अपेक्षा नव्हती. पण महिनाभरानें पाहतात तों त्या एकेका रोपाला इतके फुटवे फुटले कीं पूर्वीं कधीं कोणीं पाहिले नव्हते. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं बारा दिवसांचीं, मग दहा दिवसांचीं, शेवटीं आठ दिवसांचीं रोपें लावून पाहिलीं. योगायोग पुष्कळांच्या वाट्याला येतो. तो घडल्यावर पुढच्या वर्षीं मुद्दाम तोच करून पाहणारा विरळा.

पद्धत व तिचें मर्म

अशा रीतीनें जी पद्धत सिद्ध झाली तिला पुढें इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एस्. आर्. आय्.' हें नांव पडलें. बिहारांत तिलाच 'श्रीविधि' म्हणतात. तिचे नियम मोजके आहेत. रोप आठ ते बारा दिवसांचें, दोन पानांचें असतांनाच तें मातीसकट अलगद उचलून, मूळ न दुमडतां लावावें. एका ठिकाणीं एकच रोप लावावें. दोन रोपांत चोहोंकडून पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे सुमारें वीतभर अंतर ठेवावें. लोंबी येईपर्यंत खाचर नुसतें ओलें ठेवावें, तुंबवूं नये. दहा-बारा दिवसांच्या अंतरानें कोळपें फिरवून तण मातींत गाडावें व माती मोकळी करावी. जमिनीला शेणखत किंवा कंपोस्ट खत द्यावें. आरंभीं फादर रासायनिक खतच वापरीत. १९८० नंतरच्या दशकाअखेरीस तेथील सरकारनें खतावरील सवलत काढली, तेव्हां ते कंपोस्टकडे वळले व त्यानेंहि काम भागतें असें त्यांना आढळलें. बियाणें तर इतकें थोडें लागतें कीं जेथें हेक्टरीं पन्नास-साठ किलो जाई, तेथें पांच ते आठ किलोंत काम होतें.

आतां यांतलें मर्म काय? कातायामा नांवाच्या जपानी शास्त्रज्ञानें भाताच्या रोपाची वाढ बारकाईनें मोजून ठेवली होती. त्यांचें तें संशोधन १९५१ सालीं प्रसिद्ध झालें आणि फादरांच्या हातीं त्याची माहिती बऱ्याच उशिरां आली. तें असें कीं भाताचें रोप ठराविक दिवसांच्या तालानें वाढतें. प्रत्येक तालाला नवें पान, नवें मूळ. आणि कांहीं तालांनंतर बुडाशीं नवा फुटवा. त्या फुटव्याला पुढें त्याचे फुटवे, आणि त्यांना त्यांचे. आपल्या घराण्याची वंशावळ काढतांना मूळपुरुषाच्या पहिल्या मुलाची शाखा जशी सर्वांत मोठी पसरते, तसाच हा प्रकार आहे. रोप महिनाभर वाफ्यांत दाटींत अडकून पडलें आणि मग उपटतांना त्याचीं मुळें तुटलीं, तर पहिले फुटवे फुटण्याची वेळ निघून जाते. आणि ते गेले म्हणजे त्यांचा सारा वंशहि गेला. कोवळें रोप न दुखवितां लावलें तर तो वंश टिकतो. म्हणूनच एका रोपाला तीस, चाळीस, क्वचित् त्याहून अधिक फुटवे येतात.

दुसरें मर्म पाण्याचें. भात पाण्यांत वाढतें म्हणून तें पाण्याचेंच झाड, असा सर्वांचा समज. वस्तुतः भात पाण्यांत तग धरूं शकतें, एवढेंच. मुळांना हवा हवी असते. पाणी तुंबलें म्हणजे मुळें आंतून पोकळ होऊन कशीबशी हवा ओढतात आणि हळूहळू कुजतात. १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासांत, सतत पाण्याखालीं राहिलेल्या भाताचीं सुमारें तीन-चतुर्थांश मुळें फुलोऱ्याच्या सुमारास निकामी झालेलीं आढळलीं. पाणी तुंबविण्याचा खरा उपयोग तण मारण्यासाठीं. तें काम कोळप्यानें होत असेल तर मुळांना बुडवून ठेवण्याचें कारण उरत नाहीं.

येथें आमच्या संस्कृतप्रेमी वाचकांस एका जुन्या ग्रंथाची आठवण करून द्यावीशी वाटते. 'कृषिपराशर' नांवाचा शेतीविषयक संस्कृत ग्रंथ आहे. त्यांत रोपांतील अंतर सांगितलें आहे तें असें : सूर्य कर्क राशीस असतां एक हात, सिंहेस असतां अर्धा हात, आणि कन्येस असतां केवळ चार अंगुळें. म्हणजे लावणी जितकी लवकर तितकी ती विरळ. त्याच ग्रंथांत, पीक निरोगी राहावें म्हणून भाद्रपदांत मुळांपुरतें पाणी ठेवून बाकीचें सोडून द्यावें, असेंहि सांगितलें आहे. यावरून सर्व कांहीं आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें असा डंका पिटण्याचें कारण नाहीं; तसें असतें तर आपलीं खाचरें आज निराळीं दिसतीं. ग्रंथकर्त्यानें कोणा शेतकऱ्याचें पाहून लिहिलें, पुढें ग्रंथ पंडितांच्या कपाटांत राहिला आणि शेतकरी खाचरांत राहिला, इतकाच बोध आम्ही घेतों.

तेफी साइना व कॉर्नेल

फादर वृद्ध होत चालले होते आणि एकट्या माणसाचें काम त्याच्याबरोबर संपतें. १९९० सालीं त्यांनीं कांहीं मालागासी मित्रांच्या साह्यानें 'तेफी साइना' नांवाची एक सेवासंस्था स्थापन केली. त्या नांवाचा अर्थ मन घडविणें. नांवांत भात नाहीं, खत नाहीं, उत्पन्न नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार सूचक वाटते. सेबास्तियां राफारालाही व जुस्तें राबेनान्द्रासाना या दोघांनीं पुढें ती संस्था चालविली.

त्याच सुमारास बेटाच्या पूर्वेकडील रानोमाफाना येथें राष्ट्रीय उद्यान करून जंगल राखण्याचा उद्योग सुरूं झाला होता. जंगल जाळून भात पेरणाऱ्यांस नुसती मनाई करून भागण्यासारखें नव्हतें. त्यांच्या खालच्या खाचरांतूनच पोटापुरतें पिकलें पाहिजे होतें. या कामीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाची एक संस्था साह्य करीत होती. तिचे प्रमुख नॉर्मन अपहॉफ हे कांहीं शेतकीशास्त्रज्ञ नव्हते. ते राज्यशास्त्राचे प्राध्यापक, आणि श्रीलंकेंत गल ओया येथें कालव्याचें पाणी शेतकऱ्यांनीं आपसांत कसें वांटून घ्यावें या कामांत मुरलेले. १९९४ च्या सुमारास तेफी साइनाच्या माणसांनीं उद्यानाभोंवतींच्या गांवांत नवी लावणी शिकविण्यास प्रारंभ केला. आरंभीं पुढें आले ते थोडेच. वाडवडिलांच्या पद्धतीविरुद्ध जाण्याचें भय मोठें होतें. पण जे आले त्यांच्या खाचरांत दोन टनांच्या जागीं सरासरी आठ टनांपर्यंत भात झाल्याचे अहवाल येऊं लागले. खुद्द अपहॉफ यांनींच पुढें सांगितलें आहे कीं पहिलीं वर्षें त्यांचाहि यावर विश्वास बसला नाहीं. लागोपाठ तीन हंगाम तसेच आंकडे आल्यावर त्यांनीं हें जगाला सांगण्याचें मनावर घेतलें. फादर लोलानिये मात्र १९९५ सालींच निवर्तले.

यानंतर पद्धत फैलावली ती बाजारानें नव्हे; तींत विकण्यासारखें कांहीं नसल्यामुळें कोणा व्यापाऱ्याला तिचा प्रचार करण्यांत रस नव्हता. १९९९ सालीं चीनमध्यें नानजिंग येथील विद्यापीठांत तिचा प्रयोग झाला. कंबोडियांत यांग साइंग कोमा या शेतकीशास्त्रज्ञांनीं आपल्या 'सेडाक' या सेवासंस्थेमार्फत २००० सालीं अठ्ठावीस शेतकऱ्यांस ती करून पाहण्यास सांगितलें. पुढें त्या देशांत हजारोंनीं ती घेतली. कोमा यांना २०१२ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आज साठांहून अधिक देशांत ही लावणी करून पाहिलेली आहे.

पंडितांचा वाद

आतां दुसरी बाजू. मादागास्करांतील कांहीं शेतांत हेक्टरीं पंधरा, वीस टन भात झाल्याच्या वार्ता जेव्हां प्रसिद्ध झाल्या, तेव्हां भातावर जन्मभर काम केलेले शास्त्रज्ञ बिथरले. त्यांचें म्हणणें असें : सूर्याचा प्रकाश अमुक, त्यापासून पान अमुक इतकेंच अन्न तयार करूं शकतें, त्या मर्यादेपलीकडे पीक जाणें शक्य नाहीं. २००४ सालीं एका निबंधांत या वार्तांची तुलना आकाशांत उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्यांशीं करण्यांत आली. त्याच वर्षीं चीनमधील तीन ठिकाणच्या प्रयोगांवरून, या पद्धतीचा स्वतःचा असा कांहीं विशेष लाभ दिसत नाहीं, असा निष्कर्ष दुसऱ्या एका निबंधांत निघाला. उलट पक्षानें म्हटलें कीं प्रयोगशाळेच्या शेतांतील वर्षानुवर्षें खत व औषधें खाल्लेली माती निराळी, आणि सर्व नियम पाळल्याखेरीज पद्धतीची परीक्षा होत नाहीं.

या वादांत कोणाचें खरें? आमच्या मतें दोघांचेंहि थोडें थोडें. खाचराच्या एका कोपऱ्यांतील चौकोन कापून, मोजून, त्यावरून सबंध हेक्टराचा हिशेब काढला म्हणजे लहानशी चूकहि शेंकडों पटींनीं वाढते. भात ओलें तोललें तरी आंकडा फुगतो. २०११ सालीं बिहारांतील नालंदा जिल्ह्यांत एका शेतकऱ्यानें हेक्टरीं बावीस टनांवर भात काढल्याची वार्ता आली, तिजवरहि अशाच शंका घेतल्या गेल्या. असे विक्रम कसोटीला टिकले नाहींत, आणि त्यांच्या गवगव्यानें मूळ कामाचें नुकसानच झालें, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. परंतु पंडितांनीं विक्रमाबरोबर साधी गोष्टहि फेंकून द्यावी, हेंहि बरोबर नव्हतें. वीस टन खोटे ठरले म्हणून दोनांचे तीन किंवा चार होतात हें खोटें ठरत नाहीं. आणि ज्याच्या घरीं आठ महिन्यांपुरतेंच धान्य पुरतें त्याला तो एक टनच महत्त्वाचा.

पुढें काळानेंच पुष्कळसा निवाडा केला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं नव्या लावणीवर कडक टीका केली होती. पण खाचर पाळीपाळीनें ओलें व कोरडें ठेवावें, हें तत्त्व त्याच संस्थेनें आपल्या मार्गानें पुरस्कारिलें. भोंकें पाडलेली एक नळी खाचरांत रोवावयाची, आंतील पाणी पंधरा सेंटिमीटर खालीं गेलेलें दिसलें म्हणजे पुन्हां पाणी द्यावयाचें, इतकी ती सोपी युक्ति आहे. तिनें पाणी वांचतें; शिवाय तुंबलेल्या खाचरांतून जो मिथेन वायु निघून हवेची उष्णता वाढवितो, तोहि कमी होतो.

पद्धत टाकून देणारे

या सर्व हकीकतींत आम्हांस अधिक मोलाचा वाटला तो निराळाच एक अभ्यास. ज्या कॉर्नेल विद्यापीठानें या पद्धतीचा पुरस्कार केला, त्याच विद्यापीठांतील अर्थशास्त्रज्ञ क्रिस्टिन मोझर व ख्रिस्तोफर बॅरेट यांनीं मादागास्करच्या खेड्यांत जाऊन विचारलें, कीं एवढें पिकतें तर सगळेच ही लावणी कां करीत नाहींत? त्यांचा निबंध २००३ सालीं प्रसिद्ध झाला. करून पाहणाऱ्यांपैकीं कितीतरी जणांनीं एकदोन हंगामांनंतर ती सोडून दिली होती. आणि सोडणारे बहुधा गरीबच होते. कारण आळस नव्हतें, अज्ञान नव्हतें आणि पितरांचें भयहि फारसें नव्हतें. लावणीचे दिवस हेच घरांतील धान्य संपण्याचे दिवस. कोवळीं रोपें एकेक करून लावावयास व वारंवार कोळपावयास माणसें लागतात. आणि तेव्हांच गरिबाला संध्याकाळच्या शिध्यासाठीं दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जावें लागतें. चार महिन्यांनीं मिळणारें दुप्पट भात त्याला दिसत असतें, पण आज रात्रीं मुलांच्या पानांत काय वाढावें याचें उत्तर त्यांतून मिळत नाहीं.

फुकट पद्धत ही फुकट नसते. तिची किंमत कष्टांनीं मोजावी लागते, आणि ज्याच्यापाशीं कष्टांखेरीज विकावयास दुसरें कांहींच नाहीं त्याला ती सर्वांत महाग पडते. हें सत्य सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागला. रोप कसें वाढतें हें वनस्पतिशास्त्रज्ञानें सांगावें, एकेक रोप लावण्याची युक्ति शेतकऱ्यानें सांगावी, आणि लावणीच्या चार आठवड्यांत गरिबाच्या घरीं शिधा कसा पोंचेल याची चिंता सेवासंस्थेनें वाहावी, तेव्हांच हें काम पुरें होतें.

याच बॅरेट यांनीं पुढें सहकाऱ्यांसह बांगलादेशांत 'ब्रॅक' या मोठ्या सेवासंस्थेच्या साह्यानें रीतसर परीक्षा घेतली. कोणत्या गांवांत नवी लावणी शिकवावयाची व कोणत्या नाहीं, हें आधीं सोडतीनें ठरविलें, म्हणजे निवडीला पक्षपाताचा डाग लागूं नये. शिकविलेल्या गांवांत उत्पन्न वाढलें, नफाहि वाढला. मात्र शिकविलेल्यांपैकीं सर्वांनींच पद्धत घेतली असें झालें नाहीं. वीस टनांचा डंका यांत नाहीं. पण बेताची, खरी वाढ आहे. वादाचा शेवट असा परस्परांच्या शेतांत जाऊन व्हावा, यापरतें चांगलें काय!

आपल्या देशांत व आपल्या प्रांतांत

भारतांत तामिळनाडूच्या कृषिविद्यापीठानें २००० सालापासून ही लावणी तपासली. २००३ च्या खरिपांत आंध्रच्या कृषिविद्यापीठानें ती जिल्ह्याजिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या खाचरांत करून पाहिली. पावसावर अवलंबून असलेल्या पुरुलिया जिल्ह्यांत 'प्रदान' या सेवासंस्थेनें ती नेली, आणि डेहराडूनच्या लोकविज्ञान संस्थेनें हिमालयाच्या उतारांवर. बिहारांत 'जीविका' योजनेंतील बायकांच्या बचतगटांनीं ती भातावरून गव्हावर व मोहरीवर नेली. हें शेवटचें आम्हांस विशेष वाटतें. लावणी हें बहुतेक ठिकाणीं बायकांचें काम. दिवसभर पावसांत, चिखलांत, कमरेंत वांकून त्या लावतात व पुन्हां वांकूनच बेणणी करतात. उभ्यानें ढकलतां येणाऱ्या कोळप्यानें त्यांच्या पाठीला मिळालेला विसांवा कोणत्याहि टनांच्या हिशेबांत येत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रालाहि या विषयाची परंपरा आहे. १९५० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत जपानी भातशेतीची जी चळवळ देशभर झाली, तिचे पहिले प्रयोग मुंबईजवळ बोरिवली येथील कोरा केंद्रांत झाले होते. पुढें डॉ. एन्. के. सावंत यांनीं कोंकणच्या खाचरांसाठीं 'चारसूत्री' लागवड बसविली. भाताचें तूस व पेंढा यांतील अंश मातीला परत करणें. गिरिपुष्पाचा पाला चिखलांत गाडणें. दोरीवर आळीपाळीनें पंधरा व पंचवीस सेंटिमीटर अंतर ठेवून प्रत्येक चुडांत दोन-तीन रोपें लावणें. आणि चार चुडांच्या चौकोनाच्या मध्यभागीं खताची एक छोटी गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोंचणें, हीं तीं चार सूत्रें. वर फेंकलेलें खत कोंकणच्या पावसांत वाहून जातें. खोल खोंचलेली गोळी मुळांना हळूहळू पुरते. यांत एकच कोवळें रोप नाहीं, याचें कारणहि उघड आहे. आषाढांत कोंकणांतील सखल खाचरांतून पाणी हटवूं म्हटलें तरी हटत नाहीं. तेथें दोन पानांचें रोप बुडून जाईल. अलीकडे नेरळ येथील श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं आपल्या सगुणा बागेंत याहूनहि निराळा मार्ग काढला आहे : नांगरणी नाहीं, चिखलणी नाहीं, लावणीहि नाहीं, कायमच्या गादीवाफ्यावर सांच्यानें भोंकें पाडून बी टोंकावयाचें, आणि पीक कापल्यावर त्याचीं मुळें जमिनींतच राहूं द्यावयाचीं. येथें शेतकरीच संशोधक आहे.

मादागास्करची लावणी एक, कोंकणची दुसरी, नेरळची तिसरी. यांत खरी कोणती, असा प्रश्न आम्हांस कोणी विचारील तर आम्ही म्हणूं, त्या त्या मातीला व त्या त्या पावसाला जी शोभेल ती. घेण्यासारखी गोष्ट नियमांत नसून ते नियम ज्या रीतीनें सांपडले त्या रीतींत आहे. कोणीतरी बांधावर उभें राहून पाहिलें, शेतकऱ्याला विचारलें, पुढच्या हंगामांत पुन्हां करून पाहिलें, मोजलें, आणि न जमलेलेंहि लिहून ठेवलें.

ज्या वाचकांची गांवाकडे थोडीबहुत भातजमीन आहे, आणि ती कसणारा माणूस निराळा आहे, त्यांस आमची एक सूचना आहे. येत्या पावसाळ्यांत एक गुंठा, फक्त एकच गुंठा, निचऱ्याच्या जागीं वेगळा राखावा. कसणाऱ्याशीं बसून कोणती लावणी करून पाहावी तें दोघांनीं ठरवावें. जवळच्या कृषिविज्ञान केंद्रांतील माणसाला एकदां बांधावर बोलवावें. नुकसान आलें तर तें मालकानें सोसावें, लाभ झाला तर तो कसणाऱ्याचा. घरांतील शाळकरी मुलांनीं दर आठवड्याला दहा रोपांचे फुटवे मोजून वहींत तारीखवार लिहावे. पीक तोलतांना तें वाळवून तोलावें, आणि शेजारच्या जुन्या लावणीच्या गुंठ्याशेजारीं आंकडा मांडावा. आंकडा कमी आला तरी तो खोडूं नये. कां कमी आला तें कसणाऱ्यालाच विचारावें आणि तो सांगेल तें त्याच वहींत उतरवून घ्यावें.